हेराल्डपाशी बसायचं

लातूरहून नांदेडला जाणारी सकाळची एसटी अहमदपूरला चहासाठी थांबते. सगळे उतरतात. मी बसून राहतो. उतरलं की पुन्हा चढावं लागतं, आणि माझ्या गुडघ्यांना ते आवडत नाही. कंडक्टर आता ओळखीचा झालाय. एकदा त्यानं विचारलं, "गुरुजी, दर गुरुवारी नांदेडला कोण हाय? दवाखाना हाय का लेक हाय?"

"गाडी आहे," मी म्हणालो.

"गाडी आसून एसटीनं?"

"दुरुस्तीला टाकलीय."

"कवाधरनं?"

"दुसरा पावसाळा गेला."

त्यानं तिकिटाचं मशीन काखेत धरलं, माझ्याकडं नीट पाहिलं आणि म्हणाला, "तुमचा मिस्त्री लई आरामशीर दिसतोय." मग तो चहाला गेला. मला हसू आलं नाही. थकलेल्या माणसाला दुसऱ्याचा विनोद बराच उशिरा कळतो.

गाडी म्हणजे स्टँडर्ड हेराल्ड. फिकट आकाशी रंगाची, दोन दारांची, मागं माशाच्या परांसारखी दोन टोकं असलेली. मी देवणीच्या शाळेत शिकत होतो तेव्हा उदगीरहून एक डॉक्टर तसल्या गाडीनं यायचे. बैलबाजाराच्या दिवशी गावात पाय ठेवायला जागा नसायची. त्या गर्दीत, शिंगांच्या आणि कासऱ्यांच्या मधून, डॉक्टरांनी ती गाडी एका दमात उलट्या दिशेला वळवली. एकदाही मागं घेतली नाही. बैलगाडीला लागते त्याहून कमी जागेत ती फिरली. माझे वडील दगडोबा कासरा धरून शेजारी उभे होते. म्हणाले, "वळण बघ तिचं." बैल घेतानाही ते असंच म्हणायचे.

ते वळण डोक्यातून गेलं नाही. नोकरी जिल्हा परिषदेच्या शाळांमध्ये झाली, सायकलवर आणि नंतर लुनावर. निवृत्तीनंतर उदगीरला एका आडत दुकानामागं चिंचेखाली तसलीच गाडी उभी दिसली. मागच्या सीटवर कोंबडी अंडी घालत होती. मी ती गाडी घेतली. कोंबडी त्यांनी ठेवून घेतली.

मला पाना धरता येत नाही. कधी शिकावंसंही वाटलं नाही. माझा मुलगा सुदर्शन लातूरच्या एका क्लासमध्ये भौतिकशास्त्र शिकवतो. तो म्हणतो, "अण्णा, लोक व्हिडिओ बघून घरच्या घरी इंजिन खोलतात. एवढं प्रेम आहे तर हात काळे करा की."

मी त्याला सांगितलं, "तुझ्या आजोबांचा बैलांवर जीव होता. नाल ठोकायला दुसराच माणूस यायचा. आजोबा बैलाचं तोंड कुरवाळत समोर बसायचे."

"म्हणजे तुम्ही गाडीचं तोंड कुरवाळायला नांदेडला जाता."

"हो."



खरं म्हणजे आमच्या भागात गाडी मिस्त्रीकडं टाकून घरी गेलं की काम होतच नाही. मालक समोर बसला पाहिजे. तो काही करत नाही, सल्ला देत नाही, दिलेला कुणी ऐकतही नाही. तो फक्त बसतो. बसलेल्या माणसाचं काम पुढं सरकतं आणि उठून गेलेल्याची गाडी कोपऱ्यात जाते. यात कुणाला अपमान वाटत नाही. देगलूर नाक्याजवळ जलील मिस्त्रींची पत्र्याची शेड आहे. तिथं जुन्या टायरवर फळी टाकून केलेली एक बैठक आहे. ती माझी. माझ्यासारख्या माणसाला ही पद्धत बरी वाटली. हातानं काही करता येत नसेल तर निदान बसता येतं.

पहिलं वर्ष खरोखर कामाचं गेलं. तळाचा गंजलेला पत्रा कापून नवा लावला. क्लचप्लेट चेन्नईहून मागवली. ब्रेक उघडले, रेडिएटर धुतला. हेराल्डचा पुढचा भाग अख्खा पुढं कलतो, चाकांवरच्या पत्र्यासकट. बाईनं केस धुवायला मान पुढं टाकावी तसा. मग मिस्त्री तिच्याच चाकावर बसून इंजिनात हात घालतात. मी समोर फळीवर. असे आम्ही दोघं म्हातारे, मध्ये ती.

दुसऱ्या वर्षी काम अडलं. बाकी सगळं झालं होतं, पण गाडी सुरू होत नव्हती. किल्ली फिरवली की स्टार्टर घरघरायचा, इंजिन धरायचं नाही. मिस्त्री डोकं हलवायचे. "करंट येईना गुरुजी. वायरिंग बघून राहिलो. पुराना माल हाय, टाइम लागतो."

मी मान डोलवायचो. मला करंटमधलं काय कळतं?

घाई मात्र होती, आणि ती मी कुणाला बोललो नव्हतो. दिवाळीत डोळ्यांच्या डॉक्टरांनी काचबिंदू पुढं सरकल्याचं सांगितलं. समोरचं दिसतं, बाजूचं हळूहळू पुसलं जातंय. डॉक्टर म्हणाले, "दिवसा, मोकळ्या रस्त्यावर, जपून चालवा. शिवरात्रीनंतर पुन्हा तपासू. तेव्हा मला नाही म्हणावं लागेल असं वाटतंय." मला जन्मभर गाडी चालवायची नव्हती. एकदाच, स्वतःच्या हातानं, हेराल्ड नांदेडहून लातूरला न्यायची होती. लोहा, अहमदपूर, चाकूर. ज्या रस्त्यानं मी दर गुरुवारी एसटीच्या खिडकीशी बसून येतो, त्याच रस्त्यानं. बस. पण हे मिस्त्रींना सांगितलं असतं तर त्यांच्यावर ओझं झालं असतं. काम करणाऱ्या माणसाला आपलं आजारपण सांगून घाई करू नये, असं मला वाटलं.

शेडमध्ये बसायचं म्हणजे वेळ फार. त्या वेळात बुशरा आली.

बुशरा जलील मिस्त्रींची नात, त्यांना दादा म्हणते. तिचा बाप यासेर रियाधला एसी बसवतो. आई तिच्या जन्माच्या वेळीच गेली. आजी रहमतबीनं तिला वाढवलं. सातवीपर्यंत उर्दू शाळा, मग घराजवळची मराठी शाळा, आता दहावी. मी पहिल्यांदा पाहिली तेव्हा ती शेडच्या दारात बसून भूमितीच्या पुस्तकाकडं रागानं बघत होती.

"काय अडलंय?" मी विचारलं.

"काही नाही सर. मला येतंय सगळं. फक्त कळत न्हाई."

हे वाक्य मी शाळेत फार ऐकलंय. पुस्तक घेतलं. समरूप त्रिकोण. "त्रिकोणाला उर्दू शाळेत काय म्हणायचीस?"

"मुसल्लस."

"कोनाला?"

"ज़ाविया." ती आता माझ्याकडं बघत होती. "सर, तुम्हाला येतंय?"

"माझे वडील निजामाच्या काळात चौथीपर्यंत उर्दूत शिकले. शेतातला हिशेब ते जमा, तफ्रीक, ज़रब, तकसीम असाच करायचे. मी पाढे मराठीत म्हणायचो आणि गुणाकार ज़रबनं करायचो. चौरसाला काय म्हणतात?"

"मुरब्बा."

"मला लहानपणी वाटायचं, खायचा."

ती हसली. त्या दिवसापासून ती गुरुवारी वही घेऊन फळीच्या शेजारी बसू लागली. तिचं गणित कच्चं नव्हतं. ते दोन घरांत विभागलेलं होतं. या घरातली वस्तू त्या घरात नेऊन ठेवायची, एवढंच काम होतं. पण ते घाईनं होत नाही. एकेक वस्तू उचलून न्यावी लागते. मला असं काम आवडतं. गाडी सुरू होत नसली तरी गुरुवार वाया जात नाही, असं मी स्वतःला सांगायचो.

तरी परतीच्या बसमध्ये चाकूरच्या पुढं अंधारून आलं की खिडकीबाहेरच्या दिव्यांभोवती रंगीत कडी दिसायची. मग मला शिवरात्र आठवायची.

जानेवारी संपता संपता एका गुरुवारी सुदर्शनचा एक मित्र कारनं नांदेडला निघाला होता. त्यानं मला सोबत घेतलं. मी नेहमीपेक्षा बराच लवकर पोचलो. शेडचं दार अर्धं उघडं होतं. मिस्त्री दिसले नाहीत. मी आत गेलो आणि नेहमीसारखा हेराल्डच्या नाकावर हात ठेवला.

पत्रा गरम होता.

शेडमध्ये ऊन येत नाही. मी हात तसाच ठेवला. मला इंजिनातलं काही कळत नाही, पण एवढे महिने मी त्याच जागी हात ठेवत आलोय. तो पत्रा सकाळी कसा असतो हे मला माहीत आहे.

मागच्या दारातून मिस्त्री आले. मला बघून थबकले. "गुरुजी, आज इतक्या लवकर?"

"गाडी मिळाली एकाची."

"बसा, बसा. चहा सांगतो." त्यांनी पुढचा भाग कलवला आणि चाकावर बसून वायरींशी खुडबुड सुरू केली. जरा वेळानं म्हणाले, "किल्ली फिरवून बघा जरा."

मी फिरवली. घरघर. इंजिनानं धरलं नाही.

"करंट येईना," ते म्हणाले. माझ्याकडं बघून म्हणाले नाहीत.

 फळीवर जाऊन बसलो. बुशरा वही घेऊन आली. वर्तुळाची स्पर्शिका चालू होती. मी म्हणालो, "कंपास दे." तिनं पेटी माझ्याकडं सरकवली. कंपास, कोनमापक, खोडरबर, आणि त्यांच्यात एक तपकिरी तुकडा, अंगठ्याएवढा, वर पितळेची पट्टी. बटणासारखा गुळगुळीत.

"हे काय?"

"दादांचं हाय सर. दर गुरुवारी सकाळी माझ्यापाशी ठेवायला देतेत. संध्याकाळी परत घेतेत."

"कशाला?"

"म्हणतेत हरवंल." एवढं बोलून ती खोडरबर उगाच बोटांत फिरवू लागली.

मी तो तुकडा तळहातावर घेऊन मिस्त्रींसमोर गेलो. ते चाकावर बसलेले होते. त्यांनी हात बघितला आणि पान्याचा आवाज थांबला.

"हे काय आहे जलीलभाई?"

"रोटर."

"कुठं असतो?"

त्यांनी बोटानं इंजिनातली एक काळी टोपी दाखवली. "डेल्कोत. टोपणाखाली."

"काय करतो?"

"हा फिरला का एकेका प्लगला करंट जातो."

"आणि नसला तर?"

"नसला तर न्हाई जात."

फळ्याशी उभ्या केलेल्या मुलाला विचारावं तसं मी विचारत होतो, आणि ते तसंच खाली बघून सांगत होते. दोघांनाही लाज वाटत होती.

"गाडी केव्हापासून चालू आहे?"

"दसऱ्याच्या आधीपासून." मग जरा थांबून, "इंजिन बसून ऱ्हायलं तर खराब होतंय. म्हून रोज सकाळी पुलापर्यंत एक फेरी मारून आणतो. आज तुम्ही लवकर आले."

दसरा. म्हणजे दिवाळीच्या आधी. डॉक्टरांच्या आधी.

मागच्या दारात रहमतबी चहाची किटली घेऊन उभी होती. ती केव्हापासून उभी होती कोण जाणे. "त्यांना नका बोलू गुरुजी," ती म्हणाली. "त्यांच्या तोंडून निघत नव्हतं. मीच म्हणले, पोरीचं दहावीचं होऊ द्या, मग द्या गाडी."

"भाभी, मला विचारायचं होतं."

"काय विचारायचं? पैसे तुम्ही घेतले नसते. फुकट शिकवा म्हणायला आमचं तोंड उठलं नसतं." तिनं किटली पेटीवर ठेवली. "आन गाडी गेल्यावर तुम्ही कशाला येताव इथं? लातूर का शेजारी हाय?"

आलो असतो, असं मला म्हणायचं होतं. शब्द जिभेवर आले होते. तेवढ्यात मला अहमदपूरचा थांबा आठवला, एसटीच्या पायऱ्या आठवल्या, आणि ते शब्द मी गिळले. एका मुलीच्या भूमितीसाठी मी एवढं आलो असतो का? फोनवर विचार बेटा, असं म्हणालो असतो बहुधा. गाडी होती म्हणून आलो. रहमतबीनं मला अगदी बरोबर ओळखलं होतं, आणि त्याचाच मला राग येत होता.

"मी पण एक सांगितलं नाही," मी म्हणालो. मग त्यांना डोळ्यांचं सांगितलं. दिवाळीचं, शिवरात्रीचं, आणि लातूरच्या रस्त्याचं.

 मिस्त्रींनी पाना डिझेलच्या तसराळ्यात ठेवला, हात पुसले, पुन्हा पुसले. "मी समजलो चष्म्याचं हाय," ते म्हणाले. "तुम्ही वही जवळ धरून बघताव ना. तर मी समजलो चष्मा बदलायचा हाय."

"जवळचं दिसतं मला. बाजूचं दिसत नाही."

"कधी बोलले न्हाईत."

"नाही."

रहमतबी खाली बसली. तिनं चहा गाळला नाही. तो तसाच किटलीत काळा होत गेला. ती म्हणाली, "या अल्ला, आम्ही तुमचा रस्ताच खाल्ला गुरुजी." एवढंच म्हणाली. मला तिला धीर द्यावासा वाटला, पण खोटं बोलायची ताकद नव्हती.

मिस्त्री उठले. माझ्या हातातून रोटर घेतला, जागेवर बसवला, टोपी लावली, पुढचा भाग खाली घेतला. किल्ली फिरवली. इंजिन पहिल्याच घरघरीला बोलायला लागलं. इतक्या सहज, की मला वाईट वाटलं.

"चला," ते म्हणाले. "आत्ता दिवस हाय. रस्ता मोकळा हाय. गावातून मी नेतो, पुढं तुम्ही."

"लातूरपर्यंत?"

"तुम्ही म्हणताल तितवर."

बुशरा वही छातीशी धरून उभी होती. "मी येऊ?" तिनं आजीला विचारलं. आजीनं मान डोलावली.

गोदावरीचा पूल, मग विष्णुपुरी. कॉलेजची पोरं थांबून गाडीकडं बघत होती, एकानं फोन काढला. लोह्याचा रस्ता मोकळा झाला तशी मिस्त्रींनी गाडी कडेला घेतली आणि स्वतः पुढची सीट वाकवून, कण्हत, मागं जाऊन बसले. मी स्टेअरिंगवर आलो. बुशरा माझ्या डाव्या बाजूला.

स्टेअरिंग पातळ होतं, जुन्या गाड्यांचं असतं तसं. मी पहिला गियर टाकला. हेराल्ड हलली. मला काय वाटलं ते सांगण्यासारखं नाही. समोरचा रस्ता स्वच्छ दिसत होता, दोन्हीकडं हरभऱ्याची शेतं असावीत, वासावरून. दिसत मात्र नव्हती. मी नळीतून बघितल्यासारखा समोर बघत होतो. तरी गाडी सरळ जात होती. मागून मिस्त्री अधूनमधून म्हणत होते, "छान. अस्सं. वरच्या गियरला घ्या." मी मुलांना म्हणायचो तसं.

थोडा वेळ मी खरोखरच लातूरला निघालो होतो.

"सर," बुशरा म्हणाली. तिचा आवाज मोठा नव्हता. "डावीकडं."

"काय?"

"बकऱ्या. सर, थांबा."

मी ब्रेक दाबला. इंजिन बंद पडलं. गाडीच्या नाकासमोरून एक काळी बकरी निघून गेली, मग दुसरी, मग एकदम सगळा कळप. शेवटी काठी घेतलेली एक म्हातारी बाई, डोक्यावर पदर घट्ट, आमच्याकडं न बघता. त्या सगळ्या माझ्या डाव्या बाजूनं चालत आल्या होत्या. बुशराला लांबूनच दिसल्या असतील. माझ्यासाठी त्या थेट गाडीसमोर उगवल्या.

म्हातारी गेली. रस्ता पुन्हा मोकळा झाला. 

"मी सांगते ना सर," बुशरा म्हणाली. "डावीकडचं मी सांगत जाते. उजवीकडचं दादा सांगतील. लातूर येईपर्यंत सांगतो आम्ही."

फार चांगली मुलगी. ती खरंच सांगत आली असती. पण मी आयुष्यभर मुलांना रस्ता ओलांडून शाळेत आणलंय. त्या बाईच्या जागी एखादं पोर असतं आणि बुशरा त्याच क्षणी समोरच्या ट्रककडं बघत असती तर, हे माझ्या मनात आलं आणि तिथंच सगळं संपलं. शिवरात्रीपर्यंत थांबायची गरज उरली नाही.

"जलीलभाई, मागं काही येतंय का? पुढं?"

"काही न्हाई गुरुजी. रस्ता साफ हाय."

"नीट बघा."

"बघितलं."

मी गाडी सुरू केली, स्टेअरिंग पूर्ण फिरवलं आणि हळूच क्लच सोडला. हेराल्ड एका दमात वळली. एकदाही मागं घ्यावी लागली नाही. नांदेडकडं तोंड करून उभी राहिली. मी हँडब्रेक ओढला, उतरलो आणि दुसऱ्या बाजूला आलो. बुशरा मागं गेली. मिस्त्री पुढं आले.  पूल आल्यावर मिस्त्री एवढंच म्हणाले, "वळवली मात्र मस्त."

शेडशी आल्यावर त्यांनी विचारलं, "गुरुजी, माफ केलं का?"

"बुशराची परीक्षा झाली की सांगतो."

त्यांनी हे चेष्टेत घेतलं. मी ते निम्मंच चेष्टेत म्हणालो होतो.

रविवारी जलील मिस्त्री स्वतः हेराल्ड घेऊन लातूरला आले. सुदर्शननं गाडीचे फोटो काढले. सुनेनं, पुनमनं, तिला कुंकू लावलं आणि मिस्त्रींना आग्रह करून जेवायला वाढलं. गल्लीतली पोरं जमली. त्यांनी विचारलं, "आजोबा, तुम्ही दुरुस्त केली?" मी म्हणालो, "नाही. मी बसलो होतो." त्यांना ते पटलं नाही. त्यांना वाटलं मी लपवतोय.

जेवण झाल्यावर मिस्त्री बसस्थानकाला निघाले. मी त्यांना गाडीपाशी थांबवलं. "तो रोटर घेऊन जा."

"काहून?"

"किल्ली माझ्या उशाला असणार. एखाद्या सकाळी रस्ता मोकळा दिसेल. मला समोरचं चांगलं दिसतं ना, तेवढ्यावर मी निघेन."

 मिस्त्रींनी पुढचा भाग कलवला आणि ते बाजूला झाले. "तुम्हीच काढा."

"मला येत नाही."

"शिकवतो ना. या क्लिपा. अंगठ्यानं दाबा. आता टोपी उचला. आता सरळ वर ओढा, जोर नका लावू."

तो माझ्या हातात आला. गुळगुळीत, जरासा कोमट. एवढ्या वर्षांत मी त्या गाडीला हातानं केलेलं हे पहिलं आणि एकच काम. बोटांना काळं लागलं. मी तो मिस्त्रींच्या सदऱ्याच्या खिशात टाकला.

"बुशराच्या पेटीत ठेवा," मी म्हणालो. "गुरुवारी बघेन."

हेराल्ड आता लातूरला पत्र्याखाली उभी आहे. संध्याकाळी मी तिच्या नाकावर हात ठेवतो. पत्रा गार असतो. सुदर्शन म्हणतो, "चालत नाही तर ठेवली कशाला?" मी हात तिथंच ठेवतो. 

गुरुवारी मी एसटीनं नांदेडला जातो. अहमदपूरला उतरत नाही. कंडक्टरनं परवा विचारलं, "गाडी झाली का गुरुजी?" मी म्हणालो, "झाली. घरी नेली." "मग आता काहून चाललाव?" याचं उत्तर लांबलं असतं, आणि त्याला चहा घ्यायचा होता. मी तिकीट दाखवलं.

शेडमधली हेराल्डची जागा रिकामी आहे. तिथं कुणाचा तरी टेम्पो येऊन उभा राहिलाय. त्याचा मालक माझ्या फळीवर बसला होता. मिस्त्रींनी त्याला उठवलं. तो कुरकुरत दारात जाऊन बसला.

बुशरानं पेटी उघडली, रोटर एका बाजूला सारला आणि कंपास काढला. परीक्षा जवळ आली आहे. स्पर्शिकेला अजून तिचं मन तयार नाही.

"वर्तुळाच्या केंद्राला काय म्हणायचीस?" मी विचारलं.

"मर्कज़."

"तिथं टोक ठेव. दाबू नको, कागद फाटेल."

तिनं टोक ठेवलं. मी वही जवळ ओढली, म्हणजे मला दिसावी.